सगळे दिवस सारखे

आसा सिल गेला हे टेसी यार्नलला सकाळी फोनवर कळलं. सांगणारी त्याची सख्खी बहीण होती, आणि ती रडत नव्हती.

"पहाटे गेला," केटुरा म्हणाली. "काउंटीच्या वृद्धाश्रमात. एकच रात्र काढली त्यानं तिथं. टेसी, माझं सामान अंगणात पडलंय. मी दुकानातून बोलतेय. तू येतेस का?"

"निघालेच," टेसी म्हणाली.

लोकांचे खापरपणजोबा शोधून देणं हा टेसीचा धंदा होता. ब्लॅकगम गावात नि आसपास ज्याला ज्याला आपलं घराणं समुद्रापलीकडून पहिल्या जहाजातून आल्याचं सिद्ध करायचं असे, तो तिच्याकडे येई. बहुतेकांची निराशा करून ती त्यांना परत पाठवी. साठी उलटली होती, जीभ तिखट होती. कागदाशी खोटं बोलणाऱ्या माणसाबद्दल तिच्या मनात दयामाया नव्हती.

दफनभूमीला लागून असलेल्या त्या दगडी घरासमोर केटुराचा संसार गवतावर मांडला होता. पलंग, पिंप, आसाची औषधं, घड्या न घालता टाकलेल्या चादरी. दारापाशी एलवूड पासमोर गुडघे टेकून बसला होता आणि स्वतःच्या हातानं नवं कुलूप बसवत होता. फ्रेंड, म्हणजे क्वेकर, पंथाच्या सभेचा प्रमुख, घराचा विश्वस्त, करड्या कोटातला गोड बोलणारा माणूस.

"सुताराला काय झालं?" टेसीनं विचारलं.

"आला नाही. त्याचा भाऊही नाही. आज काहीतरी आहे म्हणे त्यांचं." एलवूडनं स्क्रू पिळला. "काम निघालं की या लोकांना बरोबर सण आठवतात. आपलं बरं आहे. आपल्याला सगळे दिवस सारखे."

"आसा गेला."

"कळलं. मी त्याच्यासाठी मौन धरलं."

"काल त्याला उचलून नेलं तेव्हा तू इथंच होतास?"

"दार मी धरलं होतं," एलवूड शांतपणे म्हणाला. "खाट वाकडी होत होती. त्याला त्रास व्हायला नको म्हणून."

टेसीच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तिनं ती गिळली. तिला उत्तरं हवी होती.

भांडण जुनं होतं. दोनशे वर्षांपूर्वी सभेचा संस्थापक एबल पासमोर याची मुलगी थॉमसिन पाद्र्याकडे जाऊन लग्न लावून आली. फ्रेंड मंडळींत पाद्री नसतोच, तिथं याला क्षमा नव्हती. सभेनं तिला बाहेर काढलं, बापानं तोंड फिरवलं. मरताना मात्र बापाला उपरती झाली आणि त्यानं हे घर लिहून ठेवलं: थॉमसिन आणि तिची पोरंबाळं, त्यांच्यापैकी कुणालाही गरज असेतोवर, इथं राहतील. केलेब सिल हा थॉमसिनचा नवरा, असं सिल घराण्यात बापापासून मुलापर्यंत सांगत आले होते. केटुरा याच घरात जन्मली. आसा याच घरात अंथरुणाला खिळला.

आणि गेल्या महिन्यात एलवूडनं इंग्रजी चर्चच्या नोंदवहीतलं एक पान सभेसमोर ठेवलं. त्यात केलेब सिलचं लग्न होतं, पण थॉमसिनशी नव्हतं. ॲन नावाच्या कुणा मोलकरणीशी होतं.

"म्हणजे थॉमसिननं केलेबशी लग्न केलंच नाही, असं तुझं म्हणणं आहे?" टेसीनं विचारलं.

"माझं म्हणणं कशाला? पान म्हणतंय."

"मी तुला विचारतेय, एलवूड."

"आणि मी तुला पान दाखवतोय."

"तुझ्या मनात शंका नाही?"

"पानात शंका नाही." तो उठला, गुडघे झटकले. "रविवारी उपासनेनंतर सभा बसेल. सभेनं होकार दिला की इथं पासमोर घराण्याचं संग्रहालय. माझं वंशावळीचं पुस्तकही छापून आलंय. वीस वर्षांचं काम आहे, टेसी. त्यात मला कचरा नकोय."

पलंगाच्या कडेला बसलेली केटुरा हे सगळं ऐकत होती. तिनं आसाचा सदरा मांडीवर घेऊन त्याची घडी घातली.

"रविवारनंतर मी कुठं जायचं, तेही त्यानं ठरवलंय," ती म्हणाली. "आसा गेला ना, त्याची खाट रिकामी झालीय."

*

चर्चमध्ये शिरताच टेसीला गार वाटलं. वेदी उघडी पडली होती, मेणबत्त्या नाहीत, फुलं नाहीत, क्रूसावर काळं फडकं. पाद्री व्हिटलॉक फोनवर कुणावर तरी डाफरत होता.

"उद्या? उद्या लग्न? अहो, तुमच्या आईला विचारा आधी!" त्यानं फोन आपटला. "लोकांना लाजलज्जा उरली नाही. आणि टेसीबाई, तुम्हीही आजच उगवलात?"

"तुझी नोंदवही बघायचीय," टेसी म्हणाली. फ्रेंड लोक न्यायाधीशालाही 'तू' म्हणतात. व्हिटलॉकला त्याची सवय झाली होती.

"पासमोरांनी दुरुस्त केलेली? घ्या. हिवाळाभर त्यांच्याकडेच होती. पानं बुरशीनं एकमेकांना चिकटली होती, माझ्याआधीच्या पाद्र्यानंही ती उघडली नव्हती. त्यांनी वाफेवर धरून एकेक सोडवलं. दमडी घेतली नाही."

"शाई कुठली वापरतो तो, ठाऊक आहे?"

"स्वतःच बनवतात ना. ओकच्या गाठी उकळून. तुमच्या सभेतली सगळी विवाहपत्रं तेच लिहितात. अक्षर बघा, मोत्यासारखं."

"बघतेय," टेसी म्हणाली.

१७४७ चं पान. सतरा एप्रिल: केलेब सिल आणि ॲन, विवाह. त्याच्या वर फेब्रुवारीतली एक बाप्तिस्म्याची नोंद, खाली मे महिन्यातलं एका तान्ह्या मुलाचं दफन. वर्षाच्या इतर महिन्यांत लग्नं दाटीवाटीनं बसलेली. फेब्रुवारी ते एप्रिल या मोकळ्या जागेत मात्र केलेब एकटाच.

"हे मूल कुठं पुरलंय?"

"मागं आहे की. दगड अजून वाचता येतो."

टेसी मागं गेली आणि शेवाळ नखानं खरवडलं. दगडावरचं नाव आणि तारीख पानाशी तंतोतंत जुळली. ती परत आली तेव्हा व्हिटलॉक कोट चढवत होता.

"दोन मेच्या आसपास थॉमसिन नावाच्या मुलीचं लग्न आहे का कुठं?" तिनं विचारलं.

"नाही. पासमोरांनीही तेच विचारलं होतं. का?"

"आमच्या सभेच्या वहीत तिला बाहेर काढल्याची नोंद आहे. दोन मेला पाद्र्याकडे गेली, असं लिहिलंय. नवऱ्याचं नाव लिहायची तसदी कुणी घेतली नाही."

"मग दुसऱ्या पाद्र्याकडे गेली असेल."

"त्या काळी इथून घोड्यावर जाऊन पोचण्यासारखा दुसरा पाद्री कुठं होता?"

व्हिटलॉक कोटाचं बटण लावता लावता थांबला.

"तुझं सगळ्यात जुनं प्रार्थनापुस्तक दे," टेसी म्हणाली. "सणांचे तक्ते असलेलं. त्या काळी जुनं पंचांग चालायचं, तेच हवं."

तिनं तक्ता उघडला, वर्षाच्या ओळीवर बोट ठेवलं आणि ते आडवं सरकवत नेलं. मग पुस्तक तसंच उघडं त्याच्या हातात दिलं. व्हिटलॉकनं वाचलं, पानाकडे पाहिलं, परत वाचलं. त्याचा चेहरा पडला.

"हे अशक्य आहे," तो म्हणाला.

"रविवारी हेच येऊन सांगशील का?"

"रविवारी? टेसीबाई, रविवारी मला मान वर करायला फुरसत नसते!"

"मग लिहून दे."

*

रविवारी सभाघर भरलं होतं. गावातल्या सगळ्या घंटा घणघणत होत्या आणि आत लाकडी बाकांवर फ्रेंड मंडळी नेहमीसारखी गप्प बसली होती. समोरच्या बाकावर एलवूड, मांडीवर त्याचं जाड पुस्तक. सगळ्यात मागं केटुरा, आसाचा कोट अंगावर.

मौन संपलं. एलवूडनं विचारलं, घराबाबत सभा एकमतानं होकार देते का?

"मी देत नाही," टेसी उठली. "मला बोलायचंय."

"बोल."

"या पानावर केलेबचं लग्न सतरा एप्रिलला लागलंय. व्हिटलॉकनं लिहून दिलंय ते वाचते. 'त्या वर्षी सतरा एप्रिलला गुड फ्रायडे होता. त्या दिवशी इंग्रजी चर्चचा कुठलाही पाद्री लग्न लावणार नाही. त्याआधीचे चाळीस दिवसही नाही. ही नोंद पाद्र्यानं केलेली असूच शकत नाही.'"

बाकांवर चुळबुळ झाली.

"शुक्रवारी तो उद्याचं लग्न मागणाऱ्यावर फोनवर खेकसत होता," टेसी पुढं म्हणाली, "आणि क्रूसावर काळं फडकं होतं. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बनाव करणारा कॅथलिक असता तर चुकला नसता. इंग्रजी चर्चमधला असता तरी नाही. दुसऱ्या कुठल्याही ख्रिस्ती माणसानं लग्नाची खोटी तारीख टाकताना आधी सण पाहिला असता. ज्याच्या सात पिढ्यांत कुणी सण पाळला नाही, तोच हे करू शकतो. आपल्यातलाच. एलवूड, परवा तू म्हणालास, आपल्याला सगळे दिवस सारखे."

एलवूडनं पुस्तकावर हात ठेवला. "तारीख पाद्र्यानं चुकीची टाकली असेल."

"हिवाळाभर वही तुझ्याकडे होती, शाई तू स्वतः बनवतोस; अख्खं पान तू नव्यानं लिहिलंस. आणि तारीख का बदललीस तेही सांगते. खऱ्या पानावर केलेबचं लग्न दोन मेला होतं. आपल्या वहीतही थॉमसिनचं दोन मेलाच. नुसतं नवरीचं नाव बदलून भागत नव्हतं, तारखा जुळल्या असत्या. म्हणून तू लग्न मागं सरकवलंस. पानावर मोकळी जागा दिसली, तिथं बसवलंस. ती जागा मोकळी का आहे, हे तुझ्या डोक्यातच आलं नाही. उपासाचे दिवस होते ते. त्या दिवसांत लग्नं लागतच नाहीत!"

"समजा पान खोटं," एलवूड सावकाश म्हणाला. त्याचा आवाज अजून गोडच होता. "त्यानं केटुरा पासमोर ठरत नाही. खोट्या पानामागं खरं पान होतंच, हे तू कशावरून म्हणतेस?"

"चर्चमागच्या दगडावरून. त्याच पानावर एका तान्ह्या मुलाचं दफन आहे, दगडाशी दिवसासकट जुळणारं. ती नोंद तू मनानं लिहिली नाहीस, उतरवून घेतलीस. म्हणजे खरं पान तुझ्यासमोर होतं. बाकी सगळं तू इमानानं उतरवलंस. एकच ओळ सोडून."

मागून केटुरा उठली.

"एलवूड," ती म्हणाली, "मला पानाचं नाही विचारायचं. टेसी म्हणते, तू आजवर स्वतःच्या तोंडानं एकदाही खोटं बोलला नाहीस, दर वेळी पानाआड लपलास. आता पान नाही. थॉमसिनचा नवरा कोण होता?"

एलवूडचे ओठ हलले. सभेसमोर उभं राहून खोटं बोलायचं त्याला जन्मात जमलं नव्हतं, आणि या वयात शिकता येईना.

"केलेब," तो म्हणाला. "केलेब सिल."

"खरं पान कुठंय?"

"चुलीत घातलं."

"का?"

"ती बाहेर काढलेली होती!" पहिल्यांदाच त्याचा आवाज चढला. "तिची पिलावळ संस्थापकाच्या घरात, खिडक्यांना फडकी लावून राहते. लोक घर बघायला येतात आणि खोकणारा म्हातारा बघून जातात! माझ्या पुस्तकात काय लिहायचं मी?"

मग म्हाताऱ्यांपैकी एकजण उठला आणि रिवाजाप्रमाणे म्हणाला, की ज्यानं चूक केली त्यानं ती स्वतःच्या हातानं लिहावी, सभेसमोर उभं राहून वाचावी, आणि ती वहीत राहील. जळालेल्या पानाऐवजी केटुराच्या घराला तोच पुरावा.

एलवूडनं लिहिलं. अक्षर मोत्यासारखंच आलं. त्यानं उभं राहून वाचलं, टोपी हातात, आणि किल्ली केटुराकडे धरली.

केटुरानं किल्लीला हात लावला नाही. तिनं त्याच्या मांडीवरून खाली पडलेलं जाड पुस्तक उचललं, थॉमसिनचं पान काढलं आणि त्याच्यासमोर ठेवलं. तिथं थॉमसिनच्या नावाखाली छापलं होतं: निःसंतान.

"खोड ते," ती म्हणाली. "आणि खाली लिही. केलेबपासून आसापर्यंत, सगळे. मी सांगते."

तो लिहीत गेला. ती एकेक नाव सांगत गेली, न अडखळता. शेवटी आसाशी येऊन थांबली.

"मृत्यूचा दिवस?" एलवूडनं मान वर न करता विचारलं. फ्रेंड मंडळींच्या वहीत दिवस-महिन्यांना नावं नसतात, आकडे असतात; सवयीनं त्यानं महिन्याचा आकडा लिहायला घेतला होता.

"आकडा नको," केटुरा म्हणाली. "त्या दिवसाला नाव आहे. गुड फ्रायडे लिही. तुझ्या पुस्तकात एक दिवस तरी बाकीच्यांसारखा नसू दे."

एलवूडचा हात थांबला. सबंध सभा त्याच्याकडे बघत होती. मग त्यानं ते लिहिलं, आणि केटुरा शाई वाळेपर्यंत त्याच्या डोक्याशी उभी राहिली.