सेवादासचं स्टेशन

म्हनू दे, तनवीर, तुह्या भावाले काय म्हनाचं थे. अजहर शिकेल हाय, वाशिमात मोबाइलचं दुकान हाय, मंग काय झालं? तांड्यावरचा राजपाल नाटक करून राह्यला म्हने. रेडिओच्या लहरी आभायाले आपटून वापस येतात म्हने, कोनाचाबी आवाज कुठंबी पडते म्हने. आरं, मंग एक डाव तांड्यावर जाऊन पाह्य ना लेका. दुकानात खुर्चीवर बसून कोनालेबी अक्कल सांगता येते. आन तनवीर, तुले त्यानं तंबी देली, त्या भानगडीत पडू नको. काहून? रेडिओचं लायसन तुहं का त्याचं?

बस इथं. तुमीबी बसा रे पोरंहो. लाइट काही येत नाही आता.

सेवादास तुमी पाह्यला नसन. मानोरा गावाच्या मांगं बंजाऱ्याइचा तांडा हाय ना, तिथला. मिलिटरीत बिनतारी शिकला, रिटायर होऊन आला आन परीक्षा देऊन हॅमचं लायसन काढलं. हॅम म्हंजे आपल्या घरून, आपल्या रेडिओ सेटवर, दूरदूरच्या मानसाइशी बोलनं. हौसेपायी. पन त्याले कायदे हायेत. धंद्याचं बोलाचं नाही, गानं लावाचं नाही, शिवी द्याची नाही. आन समद्यात मोठा कायदा कॉल साइनचा. सरकार मानसाले एक कॉल साइन देते, इंग्रजी अक्षरं आन आकडा. बोलाच्या आंदी थे सांगाची, उठतानी सांगाची, तवा समोरचा तुह्याशी बोलते. ज्याची त्यानंच वापराची. पोरानं नाही, बायकोनं नाही. सेवादासची मले पाठ हाय. पन दिवेलागनीनंतर मी थे तोंडातून काढत नाही.

मागच्या साली उन्हाळ्यात सेवादास मेला. खोकून खोकून मेला, पन बिडी सोडली नाही. पोरबाळ नव्हतं. सेट पुतन्यापाशी राह्यला. पुतन्या म्हंजे राजपाल, माह्या ट्रॅक्टरवरचा.

हा राजपाल दिवाळी झाली का ऊस तोडाले जाये, मुकादमाच्या शिव्या खाये. काकाजवळ बसून बसून सेटवर बोलाची रीत शिकला होता. काका मेल्यावर एका संध्याकाळी त्यानं सेट लावला. समोरून नागपूरवाल्यानं इचारलं, सेवादासदादा का? हा म्हनला, हो. आवाज घरान्याचा, सारखाच. झालं. मंग रोजचंच. नागपूरचा इंजिनेर, हैदराबादचा डाक्टर, समदे त्याले दादा म्हनत, जेवले का म्हून इचारत. मले कळलं तवा मी त्याले तासला चांगला. म्हनलं, मेल्या मानसाची कॉल साइन घालून बसतं बे, पोलीस नेतीन ना उचलून.

थो म्हने, “भाऊ, मले जल्मात कोनी दादा म्हनलं नाही.”



हॅमवाल्याइत एक रीत हाय. तनवीरले इचारा, त्याले म्हाईत हाय. त्याइच्यातला मानूस मेला का बाकीचे हवेवर त्याची कॉल साइन तीन डाव पुकारतात. दर डाव थांबतात. जवाब येत नाही. मंग म्हनतात, हे स्टेशन बंद झालं. आपल्यात तेरवी करतात तसंच थे. सेवादासची इकडची तेरवी झाली, थे राह्यली. होईन कशी? त्याइच्या लेखी सेवादास रोज बोलून राह्यला होता.

तं पोळ्याचा दुसरा दिवस, करीचा. ट्रॅक्टरची बॅटरी उतरली होती. मी राजपालले म्हनलं, मानोऱ्याहून चार्ज करून आन, सकाळी फवारनीले ट्रॅक्टर पाहिजे. बॅटरी चार्ज होऊन थो निंघाला तवा अंधार पडला होता, पानी रिमझिम चालू. बॅटरी माह्या घरी आनाची तं सोडून हा आपल्या घरी गेला. सेटाले लावली. निता, त्याची बायको, चुलीपाशी भाकर टाकून राह्यली होती. पोरगं निजेल होतं. हे मले तिनंच सांगतलं, त्याच्या तोंडून मी काही ऐकेल नाही.

नागपूरवाला हाजरी घेऊन राह्यला होता. एक एक जन आपली कॉल साइन सांगे. राजपालनं माइक हाती घेतला. बटन दाबलं नव्हतं. अजून दाबलंच नव्हतं.

आन सेवादासची कॉल साइन आली.

सेटातून.

नागपूरवाला म्हने, “या सेवादासदादा. आज आवाज अगदी साफ येतोय. ओव्हर.”

मंग खोकला आला. थोच. आंदी बारीक, मंग लंबा...

निताच्या हातची भाकर तव्यावर जळली. तिनं उचलली नाही.

राजपालनं बटन दाबलं. म्हनला, थो मी नाही. सेवादासकाका मेला, म्याच आग देली. मी राजपाल बोलून राह्यलो.

मंग नागपूरवाला म्हने, “मध्ये कोण बोलतंय? तुमची कॉल साइन सांगा. ओव्हर.”

काय सांगन? याले सोताची नव्हती. जे होती थे घालून दुसराच बसेल होता.

नागपूरवाल्यानं बजावलं, परवाना नसलेल्या माणसाला कोणी उत्तर देऊ नका. दादा, तुम्ही बोला. कायदाच हाय तसा, त्याची चूक नाही. राजपाल बोंबलला. रडला. हातापाया पडला. समद्याइले ऐकू जाये. कोनी ओ देली नाही. आन थो आवाज मजेत एकेकाले इचारे, पानी कसं हाय तिकडं, नातवाले बरं हाय का.

निता उठली. तिनं बॅटरीच्या दोनी तारा उपटल्या. बॅटरी उचलून दाराबाहेर नेऊन ठेवली, पान्यात.

सेट चालूच.

एक एक जन राम राम करून उठला. नागपूरवालाबी उठला. मंग नुसती खरखर... 

लय वेळ खरखर.

मंग आवाज जवळ आला. तांड्याच्या बोलीत इचारलं.

“तू कोन?”

राजपालनं नाव सांगाले तोंड उघडलं.

कॉल साइन निंघाली.

काकाच्या आवाजात.

पुन्हा इचारलं... पुन्हा थेच निंघालं. रातभर इचारत होता थो. रातभर.

सकाळी मी शिव्या देत बॅटरी न्याले गेलो. निता पोरगं घेऊन अंगनात, भिजेल. राजपाल सेटापुढं बसेल. बाकी समदं बोलते आजबी. पानी दे म्हनते, भूक लागली म्हनते. नाव इचारलं का कॉल साइन सांगते. अकोल्याच्या दवाखान्यातबी थेच सांगतलं, त्याइनं येडा म्हून लिहून घेतलं. आन आता खोकते. जल्मात बिडीले हात नाही लावला त्यानं, पन खोकते, रुमालाले रगत लागते. डाक्टर म्हने छाती साफ हाय. औंदाचा पोळा त्याले दिसत नाही, हे मी सांगतो तुमाले. 

मी गप बसलो नाही. नागपूरवाल्याचा नंबर काढला, फोन लावला. म्हनलं, साहेब, सेवादास मरून साल झालं, त्याचं स्टेशन बंद करा. थो हासला. म्हने, काहीतरीच काय, कालच संध्याकाळी बोललो दादांशी.

कालच.

आन थो सेट. छपरावरचा एरियल मी सोता उपटून नाल्यात फेकला. बॅटरी माह्या ट्रॅक्टरले हाय. सेटाले तार म्हून नाही. बोलतानी जो लाल दिवा लागते ना त्याचा, थो लागेल हाय. करीच्या रातीपासून इझला नाही. निता त्या खोलीत आता एक शब्द बोलत नाही. पोराले हाक माराची तं बाहेर येऊन मारते.

मी पुकारून चालत नाही, मले लायसन नाही. या गावात लायसन तुहं एकट्याचं. अजहरले मी पाहून घेतो, उद्या त्याच्या दुकानात जाऊन पाहून घेतो. तू उठ, तनवीर. तुहा सेट लाव, बॅटरीवर. सेवादासची कॉल साइन तीन डाव पुकार. तिसऱ्या डावानंतर काहीबी ऐकू आलं तरी ओ देऊ नको, स्टेशन बंद म्हन आन बटन सोड.

उठ.