ॲशथॉर्पचं पुढचं दार

ही गोष्ट मीठमसाला न लावता सांगायची, अशी शिल्पाची अट आहे.

शिल्पा माझी मावसबहीण. तिला खोटं बोलताच येत नाही, लगेच कानाच्या पाळ्या लाल होतात. हे सगळं सांगताना त्या झाल्या नव्हत्या. मी मुद्दाम बघत होते.

जानेवारी २००९. मंगळवार. नॉटिंगहॅमपासून बसने तासाभरावरचं एक खेडं. त्याला आपण ॲशथॉर्प म्हणू. नाव तेवढं बदललंय, बाकी काही नाही.

आणि वेळ म्हणाल, तर रात्रसुद्धा नव्हती. दुपारचे चार वाजत आले होते. पण तिकडच्या हिवाळ्यात चारलाच दिवेलागण होते.

ॲशथॉर्प हे कोळशाच्या खाणीचं गाव. म्हणजे, होतं. खाण नव्वदनंतर कधीतरी बंद झाली. तिची तोंडं दगडमातीने बुजवली, वर काँक्रीट ओतलं. खाणीतून निघालेल्या काळ्या मातीची टेकडी होती, तिच्यावर गवत पेरलं, पायथ्याशी तळं केलं आणि 'कंट्री पार्क' अशी पाटी लावून टाकली. गावात उरली ती विटांच्या जुन्या घरांची एक लांबच लांब रांग, दोनचार बंद दुकानं आणि म्हातारी माणसं.

मग शिल्पा आणि गिरीश तिथे कशाला मरायला गेले?

भाडं कमी होतं म्हणून. मंदीत गिरीशची सॉफ्टवेअरमधली नोकरी गेली होती. वर्क परमिट त्या नोकरीवरच होतं. महिनाअखेरपर्यंत दुसरी मिळाली नाही तर गाशा गुंडाळून पुण्याला परत. त्यात एवढं काय, असं तुम्ही म्हणाल. मीही म्हणाले होते. पण गिरीशने घरी सांगितलंच नव्हतं. दर रविवारी आईला फोन करून "ऑफिस मस्त चाललंय" म्हणायचा. आणि फोन ठेवला की भिंतीकडे तोंड करून झोपायचा.

शेजारी डोरीन राहायची. सत्तरीची. खाणकामगाराची मुलगी आणि खाणकामगाराचीच विधवा. पहिल्या दिवशी केक घेऊन आली, ती मागच्या दाराने.

"पुढचं दार वापरू नकोस, डक," ती म्हणाली. त्या भागात सगळ्यांनाच 'डक' म्हणतात, आपण 'बाळा' म्हणतो तसं. "या रांगेत पुढची दारं फक्त नवरी घरातून निघताना उघडतात. नाहीतर शवपेटी."

शिल्पा हसून म्हणाली, "आमच्यात उलटं आहे. तिन्हीसांजेला पुढचं दार उघडतात, दिवा लावतात. घरात लक्ष्मी येते."

डोरीनच्या हातातली केकची बशी तशीच राहिली.

"दिवा तर अजिबात नको," ती म्हणाली.

शिल्पाने वाद घातला नाही. पुढचं दार तसंही रंगाच्या थरांनी चौकटीला चिकटून बसलं होतं. ती दिवा स्वयंपाकघरात लावू लागली.

तर तो मंगळवार.

गिरीश खिडकीशी चहाचा कप घेऊन उभा होता. बाहेर दाट धुकं.

"खाण बंद केली, पण माणसं तशीच ठेवली बघ," तो म्हणाला. "त्यांना कसं बंद करायचं हे कुणाला सुचलं नसेल." आणि हसला. शिल्पाला ते हसू आवडलं नाही.

जेवण झाल्यावर "पार्कमध्ये चक्कर मारून येतो" म्हणून तो गेला.

बराच वेळ झाला, म्हणून तिने फोन लावला.

फोन वाजला...

वरच्या मजल्यावर. त्याच्या उशीखाली.

मग तिला एकेक दिसायला लागलं. किल्ली खुंटीवरच. घड्याळ काढून ठेवलेलं. आणि घड्याळाखाली नीट घडी घातलेला मफलर. हा माणूस पुण्यात गणपतीतसुद्धा स्वेटर घालणारा. तो जानेवारीच्या धुक्यात मफलर ठेवून गेला होता.

तो परत यायचंच नाही असं ठरवून गेला होता, आणि ते तिला कळलं होतं.

ती तशीच पार्ककडे धावली. फाटकाच्या पुढे काही दिसेना. स्वतःचे पायसुद्धा. ती त्याचं नाव घेऊन ओरडली. धुक्यात आवाज कापसात दाबल्यासारखा जिरून गेला. मग वाटलं, तो दुसऱ्या वाटेने घरी आला असेल. पळत परत आली. नव्हता. पोलिसांना फोन केला. त्यांनी नीट ऐकून घेतलं, गाडी पाठवतो म्हणाले, पण धुक्यामुळे वेळ लागेल म्हणाले.

घरात ती एकटी. बाहेर अंधारत चाललेलं. त्याला यावंसं वाटलंच, तर या रांगेतलं आपलं घर त्याला सापडणार कसं? सगळी घरं एकसारखी. सगळी दारं बंद. समोरून एकाही घरात उजेड नाही.

तेव्हा तिला आई आठवली. कुणी बाहेर असलं की त्यांच्याकडे दिवेलागणीला दार लावत नसत. माणूस आत आलं की मग लावत.

तिने स्क्रूड्रायव्हर आणला. दाराच्या फटीतला रंग खरवडला. खांद्याने धक्के दिले. रडत होती आणि धक्के देत होती. शेवटी दार किंचाळत उघडलं. देवापुढचं निरांजन तिने जॅमच्या रिकाम्या बरणीत ठेवलं आणि बरणी उंबरठ्यावर.

हात जोडले. म्हणाली, "गिरीश, ये रे घरी."

दाराच्या आवाजाने डोरीन धावत आली. मागच्या दाराने, घरातल्या सपाता घालून.

"बंद कर ते. आत्ताच्या आत्ता."

शिल्पा हलली नाही. मग डोरीनने धापा टाकत सांगितलं. ती शाळेत होती तेव्हाची गोष्ट. दुसरं महायुद्ध संपल्यानंतरचा हिवाळा. खाणीत आग लागली. माणसं पार शेवटच्या टोकाला अडकली. तेव्हा रांगेतल्या सगळ्या बायकांनी पुढची दारं उघडली आणि उंबरठ्यावर कंदील ठेवले. नवरे चालत येवोत नाहीतर खांद्यावरून येवोत, त्यांना आपलं दार दिसलं पाहिजे.

"मग वरच्यांनी ठरवलं, आग विझवायला हवा तोडायची. आतली वाट विटांनी बांधून काढली. माणसं आत असताना." डोरीनचा आवाज अगदी सपाट झाला होता. "मॅनेजर रस्त्याने सांगत आला, दारं लावून घ्या, आता कुणी येणार नाही. माझ्या आईने लावलं. मी तिच्या मागेच उभी होते. माझे वडील आत होते."

"नंतर कुणी त्यांना..."

"खाण चालू होती तोवर वाटायचं, कधीतरी त्या बाजूला खणतील. निदान हाडं येतील. मग खाणच बंद झाली. वरून दगड ओतले. मी उभं राहून बघितलं." ती बरणीकडे बघत होती. "हा उजेड त्यांना दिसला तर ते येतील, डक."

शिल्पा म्हणाली, "येऊ देत. माझा नवराही बाहेरच आहे."

डोरीन तिच्याकडे बघतच राहिली. मग आली तशी मागच्या दाराने निघून गेली.

शिल्पा उंबरठ्याच्या आत बसून राहिली.

आधी पलीकडच्या घरातला टीव्ही ऐकू येत होता. मग तो येईनासा झाला. दूरच्या रस्त्यावरच्या गाड्याही. इतकं गप्प झालं, की तिला निरांजनातली वात चरचरताना ऐकू आली.

आणि मग...

बूट.

लांबून. टाचेला लोखंड मारलेले जड बूट. एकाचे नव्हते. खूपजणांचे. दमून घरी येणारी माणसं चालतात तसे, सावकाश.

कुणीतरी खोकलं. ओला, खोल खोकला.

जळक्याचा वास आला. पाणी ओतून विझवलेल्या चुलीचा येतो ना, तसा.

बूट जवळ आले. अजून जवळ.

घराच्या फाटकाशी येऊन थांबले.

शिल्पाने दाराची कड घट्ट धरली. ज्योत मात्र सरळ होती, जराही हलत नव्हती.

धुक्यातून एक माणूस पुढे आला.

गिरीश.

चेहरा पांढराफटक. पँट गुडघ्याच्या वरपर्यंत ओली, तिच्यातून पाणी गळत होतं. तो उंबरठ्यापाशी आला, पण आत येईना. बाजूला सरकून मागे बघत उभा राहिला. पाहुण्यांना आधी आत घ्यावं तसा.

"शिल्पा, सरक ना जरा," तो म्हणाला. "मागे लोक आहेत."

तिने त्याच्या मागे बघितलं. कुणी नव्हतं. नुसतं धुकं.

फक्त त्या धुक्यात, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, थोड्याथोड्या अंतरावर... वाफा निघत होत्या. श्वासाच्या. फाटकापासून पार रस्त्यापर्यंत.

तिने गिरीशला कॉलर धरून आत ओढलं आणि दार लावलं. त्या झटापटीत निरांजनाला पाय लागला. विझलं.

मग दारावर टकटक झाली.

जोरात नाही. उशीर झाला की आपल्याच घरचं माणूस शेजाऱ्यांची झोपमोड नको म्हणून वाजवतं, तेवढीच.

"उघड ना," गिरीश म्हणाला. "अगं, त्यांनीच आणलं मला."

शिल्पा दाराला पाठ लावून उभी राहिली. पाठीला ती टकटक जाणवत होती. तिने नवऱ्याचा हात घट्ट धरला होता आणि मान हलवत होती. नाही. नाही.

टकटक थांबली.

मग शेजारी सुरू झाली. डोरीनच्या दारावर.

आणि भिंतीपलीकडून खरवडण्याचा आवाज यायला लागला. सुरीने रंग खरवडल्याचा. घाईघाईने, वेड्यासारखा. बराच वेळ. मग लाकूड किंचाळलं. दार उघडलं.

डोरीनचा आवाज आला. पण म्हातारीचा नव्हता तो. लहान मुलीचा होता.

"डॅड?"

पुढे काही ऐकू आलं नाही. टकटक त्यापुढच्या घराच्या दारावर गेली होती. मग त्याच्या पुढच्या. रांगेतली निम्मी घरं तर रिकामीच होती. शिल्पा ऐकत राहिली. दारामागून दार. कुठेच उघडल्याचा आवाज आला नाही.

गिरीश घरी आल्याचं तिने रात्रीच पोलिसांना फोन करून कळवलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती डोरीनकडे गेली. पुढचं दार सताड उघडं. शेकोटीपुढे पत्र्याचा जुना टब मांडलेला होता. खाणीत स्नानघर नव्हतं तेव्हा पुरुष घरी येऊन त्यात अंघोळ करायचे. टबात पाणी होतं.

काळं. कोळशासारखं काळंकुट्ट.

डोरीन पावाला लोणी लावत होती. टेबलावर दोन कप. ती शांत होती, इतकं शांत शिल्पाने तिला कधी बघितलं नव्हतं.

"तू त्यांना घरापर्यंत आणलंस, डक," ती म्हणाली. "आणि दार लावलंस."

आवाजात राग नव्हता. त्यानेच शिल्पाला भडभडून आलं.

"माझ्या आईनेही लावलं होतं," डोरीन म्हणाली. "पण आता बाकीच्यांनी जायचं कुठे?"



महिनाअखेरीला गिरीशला हाउन्सलोला, एअरपोर्टजवळच्या एका कंपनीत नोकरी मिळाली. परमिटचंही झालं. आता ते ईलिंगला राहतात. तळ्याशी काय झालं हे गिरीश कधी बोलला नाही, तिनेही विचारलं नाही. एकदाच, आपणहून म्हणाला, "मी पाण्यात उतरलो होतो. मागे कुणीतरी खोकलं. म्हणालं, चल, उजेड दिसतोय."

एवढंच.

आता माझं. मी भुताबितांची टिंगल करणारी बाई. शिल्पाने हे सांगितलं तेव्हा मनात म्हटलं, बिचारी, केवढा ताण होता तिच्यावर.

मग गेल्या दिवाळीत त्यांच्याकडे गेले. संध्याकाळी गिरीश आणि मी फराळाचं सामान घेऊन दुकानातून परत आलो. मी आधी आत शिरले. तो मागून आला, आणि दार उघडं धरून उभा राहिला.

उभाच राहिला. गार वारा आत यायला लागला.

स्वयंपाकघरात शिल्पाने गॅस बारीक केला. भांड्यांचा आवाज थांबला.

"गिरीश, लाव ना रे दार," मी म्हटलं.

"थांब जरा," तो म्हणाला. अगदी साध्या आवाजात. "अजून येतायत."

मी शिल्पाकडे बघितलं. ती खाली मान घालून उभी होती. एकदा तिने दार लावलं होतं, आता पुन्हा लाव म्हणायची तिची हिंमत नव्हती.

काही दिसलं नाही मला. काही ऐकूही आलं नाही. शपथेवर सांगते.

फक्त थोड्या वेळाने माझ्या लक्षात आलं, की मी त्या अरुंद पॅसेजमध्ये भिंतीला पाठ चिकटवून, पिशव्या छातीशी धरून उभी आहे.

कधी सरकले, कळलंच नाही.

मी वाट देत होते.