धुक्यात ठेवलेला

दुपारी तान्हा एरो झोपला की किर्स्ती स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसायची आणि हेडफोनचा एकच कान लावायची. दुसरा कान एरोसाठी मोकळा. खिडकीबाहेर सुपीरियर सरोवर गोठून पडलेलं, धान्याच्या कोठारांवर बर्फ, तळघरात वॉशिंग मशीनची घुमघुम. या एवढ्याशा वेळात बाटल्या उकळायच्या असत, स्वतःचे केस विंचरायचे असत. पण ती गावात जायची.

गाव म्हणजे एका ऑनलाइन खेळातलं कोळ्यांचं गाव. देशभरातली माणसं तिथं घरं बांधत, जाळी टाकत आणि धक्क्यावर उभी राहून तासन्‌तास गप्पा मारत. गप्पा मात्र खऱ्या आवाजात. गावात शिस्त राखायचं काम दोघांकडे होतं, किर्स्तीकडे आणि न्यूफाउंडलंडच्या लिओ पेनीकडे. लिओ निवृत्त माणूस. जन्मभर बोटींची इंजिनं दुरुस्त केलेली, त्यामुळे जरा ओरडूनच बोलायचा.

कुणी शिवीगाळ केली, नवख्यांना छळलं, तरी त्याला हाकलायचं नाही, ही लिओची रीत. हाकललेला माणूस दुसरं नाव घेऊन दुप्पट चिडून परत येतो. त्यापेक्षा त्याचा आवाज बंद करायचा, आणि बंद केलाय हे त्याला सांगायचंच नाही. त्याला सगळे दिसतात, सगळ्यांचं ऐकू येतं. त्याचं मात्र कुणाला ऐकू जात नाही. राखणदारांनी मुद्दाम कान दिला तरच. गावात याला ‘धुक्यात ठेवणं’ म्हणत.

“भांडण नाही, तंटा नाही,” लिओ म्हणायचा. “कुणी विचारत नाही म्हटल्यावर आपले आपण तोंड काळं करतात.”

टॅमरॅक हे नाव घेऊन एक जण पानगळीच्या सुमारास गावात आला. त्याला नकला झकास यायच्या. लिओची नक्कल त्यानं अशी केली की लिओलाच हसून ठसका लागला. मग त्यानं मार्गोला धरलं. मार्गो क्वेबेककडची, बोलताना अडखळणारी बाई. गावात येऊन आता कुठं धीर करून बोलायला लागली होती. तिचं वाक्य अडकलं की टॅमरॅक ते तिच्याच आवाजात, तसंच अडखळत पुरं करायचा. काही जण हसले. बाकीचे हसले नाहीत, पण बोललेही नाहीत. मार्गो त्यानंतरही यायची, धक्क्याच्या टोकाशी उभी राहायची. गप्प.

किर्स्तीनं टॅमरॅकला धुक्यात ठेवलं. एक बटण दाबायचं काम. मग तिनं उठून सूप गरम केलं.

अधूनमधून ती कान द्यायची. आधी नुसत्या शिव्या ऐकू आल्या. मग, “ए, येतंय का ऐकू कुणाला?” मग एकेकाचं नाव घेऊन हाका. पुढं पुढं तो कुणाच्या तरी समोर जाऊन उभा राहायचा आणि आपलं आपण बोलायचा. “आज नूडल्स केले होते. करपले.” जणू समोरच्यानं विचारलं होतं.

“लिओ, सांगून टाकूया का त्याला?” तिनं एकदा विचारलं.

“पोरी, तू आई झालीस आणि पार मेणाची झालीस बघ! राहू दे अजून आठवडाभर.”

तिनं राहू दिलं.

त्याच आठवड्यात बेकरीत तिनं गुलाबी आयसिंगचे दोन बन मागितले. काउंटरवरची बाई फडकं फिरवत राहिली. किर्स्तीनं पुन्हा मागितले. मग बाईनं सहज वर पाहिलं आणि दचकली. “अगंबाई! कधीच्या उभ्या आहात तुम्ही? हाक तरी मारायची!”

घरी ती नवऱ्याला म्हणाली, “वेस, एरोची टोपी दे रे.” वेस्ली गुणगुणत बुटांचे बंद बांधत होता. टोपी त्याच्या हाताशी होती. तो दार ओढून निघून गेला. दमलाय बिचारा, असं तिला वाटलं.

गावात लिओ म्हणाला, “किर्स्ती, तुझा माइक गेलाय. नुसता श्वास ऐकू येतोय.” तिनं माइक बदलला. नवाही गेलेलाच निघाला.

एके सकाळी वेस्ली तिच्या ओठांकडे बघत उभा राहिला. “किर्स, आवाज कुठं गेला तुझा?”

“अरे, बोलतेय की मी!” ती म्हणाली. तिचं तिला खणखणीत ऐकू येत होतं.

डॉक्टरनं बॅटरी मारून घसा पाहिला. घसा छान होता. विश्रांती घ्या, म्हणाला. वेस्लीनं फ्रिजवर लिहायची पाटी लावली, खाली एक हसरा चेहरा काढला आणि तिला जवळ घेतलं. तेवढं तिनं निभावलं असतं. आयुष्यभरसुद्धा.

पण एरोला पाटी वाचता येत नव्हती.

एरो पाच महिन्यांचा होता. जिन्यावरून तिचा आवाज आला तरी पाळण्यात त्याचे पाय सायकल चालवायला लागायचे. आता ती मागे उभी राहून हाका मारायची आणि तो स्वतःच्या मुठीकडे बघत राहायचा. चमचा वाजला की वळायचा. रेडिओ लागला की वळायचा.

“एरो. सोन्या, इकडे. आई आहे रे.”

तो वळला नाही.

किर्स्ती पाळण्याशेजारी जमिनीवर बसली. हेडफोन गळ्यात तसाच लटकत होता. “बघ ना रे माझ्याकडे,” ती म्हणाली, आणि रडू लागली.

“बघत नाहीये का?” हेडफोनमधून कुणीतरी विचारलं.

माइक काढून ठेवलेला होता. ती उठून टेबलाशी गेली. पडद्यावर टॅमरॅक धक्क्यावर एकटा उभा होता, समुद्राकडे तोंड करून.

“तुला ऐकू येतंय माझं?”

“येतंय की. सकाळपासून रात्रीपर्यंत.” त्याचा आवाज खरखरीत होता, बरेच दिवस न वापरल्यासारखा. “टोपीचंही ऐकलं. मी मध्ये शिव्या नाही दिल्या हं. बाळ असतं ना तिथं.”

तिचा हात हेडफोनकडे गेला. तरी तिनं हेडफोन काढला नाही. कितीतरी दिवसांनी तिला कुणीतरी उत्तर देत होतं.

“तुझा आवाज मी बंद केलाय,” ती म्हणाली. “गावात कुणालाच तू ऐकू येत नाहीस. तुला सांगायला हवं होतं. चुकलं माझं.”



“मला वाटलं, मी मेलोय,” तो म्हणाला. “कुणी बघेच ना.”

“मार्गोला काय वाटत असेल?”

तो धक्क्याच्या रिकाम्या टोकाकडे वळला.

शनिवारी दुपारी सगळं गाव धक्क्यावर जमायचं. किर्स्तीनं लिओला लिहून कळवलं, ‘मी त्याला बाहेर काढतेय.’ लिओचं उत्तर आलं, ‘वेडी आहेस का? मार्गो इथंच आहे.’ म्हणूनच, असं तिनं लिहिलं आणि बटण दाबलं. वेस्ली अंगणात बर्फ ओढत होता. फावड्याचा खरडण्याचा आवाज येत होता.

“सुटलास तू,” ती म्हणाली. “आता तुझं ऐकू जाईल त्यांना. माझं नाही जाणार. मी सांगते ते बोलशील?”

“माझ्याविरुद्धच असेल ना?”

“हो.”

“...सांग.”

ती एकेक वाक्य सांगत गेली. तो एकेक वाक्य बोलत गेला.

“टॅमरॅकनं मार्गोची नक्कल केली. तो नीचपणा होता.”

“आम्ही त्याला धुक्यात ठेवलं. समोर बोललो असतो तर मार्गोलाही कळलं असतं, की आपल्या बाजूनं कुणीतरी उभं राहिलं. आम्ही नुसतं बटण दाबलं.”

“यापुढं या गावात कुणालाही धुक्यात ठेवायचं नाही. जे काय असेल ते तोंडावर.”

मग तो थांबला. तिनं पुढचं काही सांगितलं नव्हतं.

“मार्गो, मला माफ कर,” तो म्हणाला.

धक्क्याच्या टोकाकडून मार्गोचा आवाज आला. “म-मी...” वाक्य अडकलं. सुटलं. पुन्हा अडकलं. त्यानं मध्ये तोंड घातलं नाही. कुणीच घातलं नाही. मार्गोचं वाक्य तिच्या वेळेनं शेवटापर्यंत गेलं.

“मला तू आ-आधी आवडायचास. आता बघू.”

कुणीतरी टाळी वाजवली. किर्स्तीचे डोळे भरून आले.

“लिओ?” तिनं सहज म्हटलं.

“हां, बोल पोरी!”

तिचा हात घशाशी गेला. “माझं... ऐकू येतंय?”

“येतंय म्हणजे काय! आत्ता एवढं भाषण केलंस की. घसा सुटला म्हणायचा एकदाचा.”

“मी नाही केलं. टॅमरॅक बोलला ते.”

“टॅमरॅक?” लिओ हसला. “तो तर खुंटासारखा उभा होता. एक शब्द नाही. सगळं तुझ्याच आवाजात होतं, माफीसकट. मी म्हटलं, पोरगी त्याच्या वतीनं मागतेय.”

किर्स्तीनं पडद्यावर पाहिलं. मार्गो होती, लिओ होता, बाकीचे होते. टॅमरॅक उभा होता ती जागा रिकामी होती.

तिनं लॅपटॉप मिटला. हेडफोन काढून त्याच्यावर ठेवला.

पाळण्यातून कुरकुर आली.

“एरो?” तिनं भीतभीत हाक मारली.

तो वळला. पाय हवेत सायकल चालवायला लागले, बोळकं उघडलं. तिनं त्याला उचललं, त्याच्या मानेत नाक खुपसलं, त्याचा दुधाळ वास घेतला. मग खिडकीपाशी खुर्चीत बसून त्याला अंगावर घेतलं. बोलायला ती घाबरत होती. आवाज खर्ची पडेल, असं काहीतरी. ओठ मिटून ती नुसती बसून राहिली.

एरोचे डोळे जड होत गेले. पिता पिता तो मध्येच थांबायचा, कान दिल्यासारखा, आणि परत प्यायचा.

मागचं दार उघडलं. वेस्ली बूट हातात घेऊन, मोज्यांवर चालत दारापर्यंत आला. त्याचे गाल लाल झाले होते, पापण्यांवर बर्फ होतं. तो हसत होता आणि रडतही होता.

तिनं वळून त्याच्याकडे पाहिलं.

“थांबू नकोस गं,” तो अगदी हळू म्हणाला. “अंगाई म्हण तशीच. झोपतोय तो.”