दोन आट्यांवरचा नट

भाऊजींच्या थोरल्या मुलीचं लग्न एकदा मोडून पुन्हा जुळलं, त्या वर्षीची ही गोष्ट. भाऊजी तेव्हा घरच्या कटकटीतून सुटायला रोज सकाळी वहिनींच्या कचेरीत येऊन बसत.

वहिनी खाजगी तपासाची कामं करत. नवरा गेला, त्याची पाटी राहिली, ती त्यांनी उतरवली नाही. भाऊजी त्यांचे धाकटे दीर. कामात त्यांचा उपयोग एवढाच, की ते जे म्हणत ते बहुधा चुकीचं निघे आणि तेवढी एक शक्यता कमी होई.

त्या दिवशी जिना चढून एक म्हातारा आला. खुर्चीत बसल्यावरही बराच वेळ तो छातीवर हात ठेवून श्वास जमवत होता. पाणीपुरवठ्याच्या पंपघरात जन्मभर एकट्याने काम केलेला फिटर.

"पोराला जुनी गाडी घेऊन दिली," तो म्हणाला. "दर रविवारी जाऊन मी ती दुरुस्त करतो. पुढच्या रविवारी जावं तर पुन्हा मेलेली."

"जुनी गाडी म्हणजे म्हातारं माणूस," भाऊजी म्हणाले. "आज गुडघा, उद्या डोळा."

"आपोआप नाही, साहेब. कुणीतरी सैल करतं. आधी बॅटरीचं टोक. मग पेट्रोलच्या नळीचा चाप. मग कॉइलवरची वायर. तुटलेलं काही नाही, हरवलेलं काही नाही. नट आपल्या बोल्टवरच, दोन आटे चढवून ठेवलेला."

"ब्रेक?" वहिनींनी विचारलं.

"ब्रेकला कधी हात नाही."

"गाडी कुठे असते?"

"पोराच्या आईकडे, अंगणात. मी तिथे राहत नाही." तो जमिनीकडे पाहत म्हणाला. "पोरगा चार वर्षांचा होता तेव्हापासून राहत नाही."

"आणि आता?"

"आता रविवारी मी गेल्यावर गाडी पहिल्या चावीला सुरू झाली, तर तो मला शेजारी बसवून तळ्यापर्यंत नेणार आहे. अट त्याचीच. अजून एकदाही झाली नाही." तो थांबला. "डॉक्टर म्हणतात, फार रविवार मोजू नका. वहिनी, तो दलाल असणार. ज्याने गाडी विकली तो. तुम्ही तसं शोधून द्या."

तो गेल्यावर भाऊजी म्हणाले, "दलालच. स्वस्तात गाडी परत घ्यायची असेल त्याला."

"फिटरलाही तसंच हवंय," वहिनी म्हणाल्या. "माणूस आपल्याकडे विचारायला येतो, भाऊजी. हा उत्तर घेऊन आला होता."

दलालाचं आवार रस्त्याच्या वळणावर होतं. तिथे एका गाडीचं इंजिन उघडून दोन माणसं काम करत होती आणि काढलेला प्रत्येक नट मागे न बघता एका मोठ्या डब्यात भिरकावत होती. डब्यात सगळ्या गाड्यांचं सगळं लोखंड एकत्र नांदत होतं.

"मी कशाला बिघडवू?" दलाल हसला. "मी विकलेली गाडी बिघडवायला माणूस ठेवावा लागत नाही, बाई. पण विकायची असेल तर सांगा. येताजाता विचारतोच मी तिथे."

"डब्यातला नट पुन्हा सापडतो का हो?"

"सापडला तर त्याचं नशीब. नाहीतर दुसरा."

बाहेर येताच भाऊजी म्हणाले, "बघितलंत? स्वतःच कबूल झाला, येताजाता तिथे जातो म्हणून."

"मी डबा बघत होते," वहिनी म्हणाल्या.

मुलाची आई कपडे शिवत असे. यंत्र खोलीच्या आतल्या बाजूला, आणि त्याचा खडखडाट एवढा, की भाऊजींना आपलं नाव दोनदा ओरडून सांगावं लागलं.

"रविवारी तो माणूस आला की मी हे सुरू करते आणि तो गेला की बंद," ती म्हणाली. "त्याचा शब्द कानावर नको. काम करताना बडबडत असतो म्हणे. माझ्याशी संसार केला तेव्हा मुका होता."

"गाडीला तुम्ही हात लावला?"

"मी लावला असता तर नट सैल केला नसता. काडी लावली असती."

भाऊजींनी वहिनींकडे अर्थपूर्ण नजरेने पाहिलं. वहिनी खिडकीकडे पाहत होत्या. खिडकीपाशी एक स्टूल होतं. चौकटीच्या आडव्या लाकडांवर कोपरं टेकून टेकून गुळगुळीत खळग्यांच्या दोन जोड्या पडल्या होत्या. एक जोडी खाली, लहान हातांची, आणि तिच्या वर दुसरी.

"इथे कोण बसतं?"

"पोरगा. लहानपणी बाप म्हणायचा, पुढच्या रविवारी येतो. की हा सकाळपासून खिडकीत. जेवायलाही उठायचा नाही." तिने सुईत दोरा ओवला. "खोड ती खोड. अजून बसतो."

मुलगा औषधाच्या दुकानात होता. तिशीचा, नीटनेटका, बोलताना बाटल्यांची लेबलं सरळ करणारा.

"गाडीतलं मला ओ की ठो कळत नाही," तो म्हणाला. "ते सांगतात तो पाना मी हातात देतो."

"पण गाडी चालावी असं वाटतं ना?"

"अट घातलीय ना मी," तो म्हणाला.

रविवारी वहिनी आणि भाऊजी फाटकापाशी फिटरची वाट पाहत उभे राहिले. तो आला तेव्हा वहिनी त्याला बाजूला घेऊन थोडंसं बोलल्या. फिटर त्यांच्याकडे कितीतरी वेळ बघत राहिला. मग त्याने मान डोलावली.

"काय सांगितलंत?" भाऊजींनी विचारलं.

"एक वाक्य सांगितलं. ते त्याने म्हणायचंय."

गाडी त्याही दिवशी सुरू झाली नाही. कॉइलची दुसरी वायर सैल होती. नट दोन आट्यांवर. आत शिवणयंत्र धडधडायला लागलं. मुलगा पाने घेऊन उभा राहिला आणि फिटर काम करता करता बोलू लागला, जसा तो दर रविवारी बोलत असे.

"काढलेला नट जमिनीवर ठेवायचा नाही, सांगितलंय ना? आपल्याच बोल्टवर दोन आटे. म्हणजे हरवत नाही." आणि बॉनेट लावण्याआधी, खाली मान घालून, "ही पुढच्या जाळीमागची हिरवी वायर बघून ठेव. ही सुटली तर इंजिन हूं का चूं करणार नाही."

मुलाने बघून ठेवली. भाऊजींनीही बघून ठेवली.

पुढच्या रविवारी वहिनींनी सगळ्यांना अंगणात बोलावलं. दलालही आला, गाडी विकली जाईल या आशेने. शिवणयंत्र बंद होतं. आई दारात उभी होती.

"चावी फिरवा," वहिनी मुलाला म्हणाल्या.

मुलगा आत बसला. चेहरा शांत. त्याने चावी फिरवली आणि इंजिन एकदम सुरू झालं.

दलालाने तोंड वाकडं केलं. आई भिंतीला टेकली. दचकला तो एकटा मुलगा. चावीवरचा हात त्याने भाजल्यासारखा मागे घेतला.

"आता हॉर्न दाबा."

हॉर्न वाजला नाही.

"हिरवी वायर हॉर्नची आहे," वहिनी म्हणाल्या. "तिचा इंजिनाशी काडीचा संबंध नाही. संबंध आहे असं मी फिटरना खोटं सांगायला लावलं. ते खोटं ज्याच्या कानावर पडलं आणि खरं वाटलं, त्यानेच ती काढली."

"मला वाटलं होतं ना खरं," भाऊजी घाईने म्हणाले, "पण मी काढली नाही."

"तुम्हाला बॉनेट उघडता येत नाही, भाऊजी." वहिनी गाडीपाशी गेल्या. "दर आठवड्याला वेगळा बिघाड. प्रत्येक बिघाड कुणीतरी शिकवल्यासारखा. फिटर काम करताना बडबडतात: हे सुटलं तर गाडी मरते, ते सुटलं तर मरते. पुढच्या रविवारी नेमकं तेच सुटलेलं. ते ऐकायला इथे कोण असायचं? आई नाही; यंत्राच्या आवाजात त्यांना समोरच्याचं नाव ऐकू येत नाही. दलाल नाही, त्याची माणसं नट डब्यात फेकतात, दोन आट्यांवर ठेवत नाहीत. ब्रेकला हात लागला नाही, म्हणजे कुणाच्या जिवावर उठायचं नव्हतं. मुलाने आठवडाभर गाडी सुरू करून पाहिली नाही, कारण आईच्या कानावर आवाज गेला असता. म्हणून आपण काढलेली वायर भलतीच आहे, हे त्याला आत्ता कळलं."

मुलगा खाली उतरला नाही. इंजिन चालू होतं.

"खिडकीतलं स्टूल मी पाहिलं," वहिनी जरा मऊ आवाजात म्हणाल्या. "गाडी नीट झाली की यांचं येणं थांबेल. म्हणून ना?"

"नाही," मुलगा म्हणाला. "तुम्ही सगळं बरोबर ओळखलंत, हे सोडून. मी खिडकीत बसायचो आणि काही व्हायचं नाही. दर रविवारी. ते यांना कळावं, एवढंच होतं. यावं, खपावं, आणि हात हलवत परत जावं."

दलाल हळूच फाटकाबाहेर पडला.

वहिनी फिटरकडे वळल्या. "तुम्हाला पहिल्या नटापासून ठाऊक होतं."

"दोन आट्यांवर ठेवायला मी जन्मात एकालाच शिकवलं," फिटर म्हणाला. "म्हटलं, तुम्ही हुशार. दुसरं कुणी काढाल शोधून."

तो जाळीपाशी वाकला आणि हॉर्नची वायर जोडली. नट बोटांनी फिरवला, पान्याने आवळला. हात पुसले. मग मुलाच्या खिडकीशी येऊन उभा राहिला.

"पहिल्या चावीला सुरू झाली," तो म्हणाला. "तळ्यापर्यंत?"

मुलाने चावी उलटी फिरवली. इंजिन थांबलं.

"आज नाही."

"बरं," फिटर म्हणाला. "पुढच्या रविवारी येतो."

परतताना भाऊजी म्हणाले, "वहिनी, निदान कोण ते तरी तुम्ही शोधलंत."

"ते त्यालाही माहीत होतं," वहिनी म्हणाल्या. "मी फक्त ते चारचौघांत बोलून दाखवलं."

पुढचं वहिनींना त्या आईने सांगितलं. रविवारी मुलगा सकाळी लवकर उठला. गाडी पुसली. एकदा सुरू करून पाहिली, पहिल्या चावीला झाली. शेजारच्या आसनावर स्वच्छ कापड अंथरलं. मग तो खिडकीत स्टुलावर जाऊन बसला. दुपार झाली, तरी जेवायला उठला नाही. उन्हं उतरल्यावर आईला म्हणाला, "बघ. नाही आले."

फिटर आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, आपल्या खोलीत वारला होता. भाऊजींच्या थोरल्या मुलीचं लग्न झालं तो दिवस.