सतरा नंबरच्या पाठीवरचा लाल डाग

"खोकं हलतंय," टपालकेंद्रातला माणूस फोनवर म्हणाला. "आतून खरवडल्याचा आवाज येतोय."

वन्यजीव अधिकारी केया देवस्थळी तडक निघाली. खोक्यात अकरा मोजे निघाले, तोंडं चिकटपट्टीनं बंद केलेले. प्रत्येकात एक कासव, श्रूजबरी या अमेरिकन गावाजवळच्या दलदलीतलं, पिवळ्या गळ्याचं. ही जात आता बोटावर मोजण्याइतकी उरलेली. सहा हलत होती. चार गेली होती.

अकराव्याच्या कवचाच्या कडेला ओळखीसाठी कानशीनं घासलेल्या खाचा केयानं मोजल्या आणि पुन्हा मोजल्या. सतरा नंबर. आजीबाई! केया आठ वर्षांची असताना श्रीरंगकाकांनी तिच्या हातात ठेवलेलं पहिलं कासव. आता सत्तरी ओलांडलेलं, निपचित पडलेलं. कवचाला तडा गेला होता आणि त्यावर विटकरी लाल खपली होती.

"रंग आहे," सहकारी म्हणाला. "टोळीची खूण असेल."

केयानं आजीबाईला प्राण्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं.

कासवं अंडी कुठे घालतात ते तीन स्वयंसेवकांनाच माहीत होतं. पहिला परीक्षित, मूळचा नागपूरचा इंजिनिअर. दलदलीचा मॅप त्यानंच बनवलेला.

"खोक्यावर तुझ्या कंपनीचं नाव आहे."

"केया, यार, रिकामी खोकी मी सगळ्यांना वाटतो! नीलांबरीनं चार नेली, काकांनी तीन."

"सतरा नंबर शेवटची कधी दिसली?"

"मेमध्ये. एकदम ठणठणीत होती."

म्हणजे जखम त्यानंतरची. दुसरी नीलांबरी, तिचं घर दलदलीला लागूनच होतं.

"जखमी कासव दिसलं तर काय करतेस?"

"तुलाच कॉल करते ना! मला रक्त बघून चक्कर येते, मी कसली हात लावतेय?"

संध्याकाळी डॉक्टरांचा फोन आला. केयानं सगळं ऐकून घेतलं आणि गाडी काकांच्या घराकडे वळवली.

तिसरे स्वयंसेवक श्रीरंगकाका, शहात्तर वर्षांचे. शाळेत जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. मागच्या अंगणात विडा लावत बसले होते.

"ये गं. अख्ख्या श्रूजबरीत विडा खाणारा मी एकटाच उरलोय," ते हसले. "परीक्षित तर चुन्याच्या डबीला टूथपेस्ट म्हणतो!"

"काका, घरात हळद आहे?"

केयानं चिमूटभर हळद बशीत घेतली, डबीतला चुना घातला, पाण्याचा थेंब टाकून बोटानं कालवलं. पिवळी हळद बघता बघता लाल झाली.

काकांचा हात विड्यावरच थांबला.

"आजीबाईच्या कवचावर हेच होतं, डॉक्टरांनी तपासलंय. लहानपणी दलदलीत माझा पाय मुरगळला, तेव्हा तुम्ही हाच लेप लावला होता," केया म्हणाली. "खोकी तिघांकडे होती, जागा तिघांना माहीत होत्या. पण कासवं विकायला नेणारा चोर जखमेला लेप कशाला लावेल? जीव लावणाराच लावेल. आणि चुना फक्त तुमच्याकडे आहे."

"दर जूनला रस्ता ओलांडताना गाड्यांखाली चिरडतात गं. आजीबाईलाही गाडीच लागली. कासवं घेणारा तो माणूस म्हणाला, माझं मोठं तळं आहे, पिल्लं वाढवीन. मला वाटलं, कुठेतरी जगतील तरी."

"पैसे घेतलेत?"

"पहिल्यांदा नको म्हणालो होतो."

"हे कितवं खोकं?"

"तिसरं."

कुंपणानंच शेत खाल्लं होतं. केयाचे डोळे भरून आले, आणि तिला स्वतःचाच राग आला.

"त्याच्याकडे तळं नाही, काका. तो हौशी लोकांना विकतो. त्याचा पत्ता आम्हाला मिळालाय."

काकांनी मान खाली घातली. "आजीबाई कशी आहे?"

"जखम सुकत आली होती. डॉक्टर म्हणाले, लेप चांगला लागला."

काकांचा चेहरा क्षणभर उजळला.

"मोज्यात गुदमरून गेली, काका."

त्यांच्या हातातला विडा सुटून मांडीवर पडला. काकांनी तो उचललाही नाही.

केयानं चुन्याची डबी पुराव्याच्या पिशवीत घातली. मग काकांना दंडाला धरून उठवलं आणि गाडीपर्यंत सावकाश नेलं, कारण पायऱ्या उतरताना त्यांचा डावा गुडघा दुखतो हे तिला माहीत होतं.