शमक टाका

शमक टाका घातलेल्या बायका रडत नाहीत, हे लातुरात आता सगळ्यांना ठाऊक झालं होतं. त्यामुळे सासऱ्यांच्या अंत्यविधीला उज्ज्वला बिराजदार कोरड्या डोळ्यांनी उभी राहिली, तेव्हा कुणी नावं ठेवली नाहीत. "टाका आहे तिला," एवढं जाऊबाई हळूच सांगायच्या आणि विचारणारी गप्प व्हायची. उज्ज्वलाला सासऱ्यांचा लळा होता. पण तो लळा आता तिला दुसऱ्या कुणाची हकिकत आठवावी तसा आठवत होता.

ती शाळेत चित्रकला शिकवायची. पहिल्या खेपेला, पाचव्या महिन्यात, मुलांना रंग कालवून दाखवताना तिला ओटीपोट जड वाटलं. कळा नाहीत, दुखणं नाही. संध्याकाळपर्यंत सगळं संपलं. मुलगा होता, थोडा वेळ श्वास घेत होता. म्हणून दुसऱ्या खेपेला दिवस राहिले ते धास्ती घेऊनच. शिंक आली तरी ती दोन्ही हातांनी पोट धरायची.

डॉ. हसीना काझींनी तिला समजावलं होतं. "तुमच्या गर्भाशयाचं तोंड कमजोर आहे. बाळाचं वजन वाढलं की ते आपोआप उघडतं. धाग्याने आवळून धरता येतं, तो उपाय जुनाच आहे. पण घाबरलं की शरीर काही रसायनं सोडतं, गर्भाशय आकसतं आणि धाग्यावर ताण येतो."

"मग मी घाबरायचं नाही?"

"असं सांगून कुणाची भीती गेलीय? म्हणून हा शमक टाका. धाग्याच्या जोडीला कमरेच्या कातडीखाली तांदळाएवढा एक कण बसवायचा. रक्तातली ती रसायनं वाढायला लागली की कणाला कळतं आणि तो मेंदूतली धोक्याची घंटा वाजण्याआधीच थांबवतो. भीती दाबली जात नाही. ती वाटतच नाही."

"आणि बाकीचं?"

"भीतीची आणि मायेची वाट बरीचशी एकच आहे. बाकीचंही मंद होतं. बाळंतपणानंतर कण काढला की परत येतं."

उज्ज्वलाने लगेच होकार दिला.

सातव्या महिन्यात एके दिवशी तिचा नवरा शिवकांत कामावरून आला, तेव्हा ती मुलांची चित्रं तपासत बसली होती. खुर्चीवरची उशी लाल झालेली त्याला दारातूनच दिसली.

"कधीपासून?"

"सकाळपासून असेल."

"आणि फोन नाही केलास?"

"करणार होते. घाईचं काही वाटलं नाही."

खोटं नव्हतं ते. रक्त म्हणजे धोका, हे तिला पक्कं माहीत होतं. पण ते माहीत असणं तिला खुर्चीतून उठवू शकलं नव्हतं. शिवकांतने तिला तसंच रिक्षात घातलं. वेळेत पोहोचले म्हणून निभावलं.

"भीती असती तर तुम्ही सकाळीच आला असता," डॉ. काझी म्हणाल्या. "कणाचा जोर कमी करता येईल. पण मग आकसणं वाढेल. सांगा, काय करू?"

उज्ज्वलाने नवऱ्याकडे पाहिलं. तिला दोन्ही सारखंच वाटत होतं.

"आहे तसाच राहू द्या," शिवकांत म्हणाला. "लक्ष मी ठेवतो."

त्याने बिनपगारी रजा घेतली. ती न्हाणीघरात गेली की तो दाराबाहेर उभा राहायचा, झोपली की तिच्या श्वासाकडे कान लावून बसायचा. त्याला जेवण जाईना, कानशिलावरचे केस पांढरे झाले. घरातली भीती कमी झालीच नव्हती. सगळी त्याच्या वाट्याला आली होती. उज्ज्वलाला ते दिसत होतं. बिचारा वाळला, असं ती कुणाला तरी सांगितल्यासारखी मनाशी म्हणायची आणि कूस बदलायची.

नऊ महिने भरले, धागा काढला आणि मुलगी झाली. अंगाने भरलेली, खणखणीत रडणारी. शिवकांत भिंतीला टेकून खाली बसला आणि हमसून हमसून रडला. उज्ज्वलाने बाळाला व्यवस्थित पाजलं.

बाळ सव्वा महिन्याचं झाल्यावर दोघं कण काढायला गेली. डॉ. काझींनी सुई तयार ठेवली होती.

"काढला की काय होईल?" उज्ज्वलाने विचारलं.

"एक-दोन दिवसांत सगळं परत येईल. सासरे गेल्याचं दुःख येईल. पहिलं बाळही."

"म्हणजे माझा मुलगा पुन्हा एकदा जाणार."

तिने मांडीवरच्या बाळाकडे पाहिलं.

"आणि हिच्याबद्दल वाटायचं ते?"

"तेही त्याच वाटेने येईल. एक घेऊन दुसरं नाही सोडता येत."

शिवकांत म्हणाला, "काढून टाक, उज्ज्वला. मी थकलो."

एवढ्यात मांडीवरच्या बाळाला दुधाचा ठसका लागला. चेहरा लालभडक झाला, श्वास अडकला. शिवकांतने झडप घालून तिला उचललं, पालथं धरलं, पाठ थोपटली. बाळ रडलं तसं त्याने तिला छातीशी घट्ट धरलं.

उज्ज्वलाचे हात मांडीवर होते तिथेच होते. तिने आपल्या हातांकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या थरथरणाऱ्या बोटांकडे. काढल्यावर आपलं असं होणार, हे तिला स्वच्छ समजलं. रोज होणार, जन्मभर होणार.

"पुढच्या महिन्यात बघू," ती म्हणाली.

डॉ. काझींनी सुई परत झाकून ठेवली. कारण विचारलं नाही. टाका घातलेल्या बहुतेक जणी हेच म्हणत होत्या.