उन्हातली छत्री

"अहो ताई, पाय जरा बाजूला घेता का? मला या बाईंचा कान मोजायचाय."

मी शिडीवर होते. एका हातात ब्रश, दुसऱ्या हातात निळ्या रंगाचा डबा, आणि समोर भिंतभर माझ्या आईचा हसरा चेहरा, अर्धा रंगवून झालेला. अशा वेळी खालून कुणी मला ताई म्हटलं, की माझं डोकंच फिरतं. मी गर्रकन वळले, आणि डब्यातला रंग टपकन खाली सांडला… थेट त्याच्या पांढऱ्याशुभ्र शर्टाच्या खिशावर!

तो ओरडला नाही. त्याने खिशाकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मोजपट्टी भिंतीला तशीच धरून विचारलं, "हा रंग विकतचा, की कुणी दिलेला?"

"तुम्हाला काय करायचंय?"

"मी निवडणुकीचा खर्च निरीक्षक आहे. उमेदवाराच्या प्रचाराला जे जे लागतं, ते मोजणं हेच माझं काम. शिडी कोणाची?"

"माझी."

"भिंत?"

"गिरणीवाल्या काकांची. परवानगी घेतलीय."

"आणि हात?"

"हात?… हात माझेच आहेत हो! भाड्याने आणल्यासारखे दिसतायत का?"

तो हसला. काय सांगू… इतक्या रुक्ष कामाच्या माणसाला देवाने इतकं छान हसू द्यायलाच नको होतं. मी घाईघाईने पुन्हा भिंतीकडे तोंड केलं.

"रंगवण्याची हौस आहे, की धंदा?" त्याने विचारलं.

हौस? हा शब्द ऐकला आणि माझी जीभ सुटली. "गावातली निम्मी दुकानं माझ्या पाट्यांवर ओळखली जातात! कुणालाही विचारा. माझा दर इतर रंगाऱ्यांच्या तिप्पट आहे, आणि तरी लोक रांग लावतात!"

"अरेरे," तो म्हणाला. अगदी मनापासून म्हणाला. "हौस म्हणाला असतात तर बरं झालं असतं. कुणी फुकट पत्रकं वाटली, खुर्च्या मांडल्या, तर ते आम्ही मोजत नाही. पण ज्याचा जो धंदा, तेच काम त्याने फुकट केलं, तर ती देणगी. बाजारभावाने खर्चात धरावी लागते."

"स्वतःच्या आईसाठी केलं तरी?"

त्याने भिंतीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. "आई होय… तरीच म्हटलं, नाक ओळखीचं का वाटतंय. हो. आईसाठी केलं तरी."

झालं! बढाई मारायला गेले आणि आपल्याच पायावर धोंडा मारून घेतला.

माझ्या आईला सगळा वॉर्ड सिस्टर म्हणतो. तीस वर्षं ती इथल्या दवाखान्यात नर्स होती. ती निवृत्त झाली आणि पुढच्याच वर्षी दवाखान्याला कुलूप लागलं. तिथे आता सिमेंटची पोती ठेवतात, आमच्या नगरसेवकाची. तो कंत्राटदार आहे. गेल्या दोन्ही निवडणुका तो बिनविरोध जिंकला, कारण समोर उभं राहायची कुणाची छातीच नव्हती. आई उभी राहिली. पण खर्चाला मर्यादा होती, आणि ती ओलांडली तर उमेदवारी रद्द. म्हणजे दवाखान्याचं कुलूप पुन्हा पाच वर्षं तसंच.

दुसऱ्या दिवशी तो घरी आला, भिंतींची किंमत ठरवून. मी आकडा पाहिला आणि माझा पारा चढला.

"एवढीच? अहो, या भावात तर कुणी चुनासुद्धा फासणार नाही! डोळ्यांतली चमक बघितलीत का तुम्ही?"

"बघितली," तो हळूच म्हणाला. "चमक बघितली. पण नियमात बाजारभाव आहे, चमक नाही."

"मग नियम चुकीचा आहे! वाढवा!"

आईने कपाळाला हात लावला. "अगं बये, तू माझी मुलगी आहेस की कंत्राटदाराची? गप बस आणि यांना चहा दे."

"चहा नको," तो लगेच म्हणाला. "उमेदवाराच्या घरचा चहा मला चालत नाही."

"मी कुठे उमेदवार आहे?" मी म्हटलं.

"तुम्ही उमेदवाराच्या कन्या."

"मग माझ्या हातचा?"

"तो तर… त्याहून चालत नाही." आणि त्याचे कान लाल झाले. ते मी पाहिलं, आईने पाहिलं, आणि कोपऱ्यात पेपर वाचणाऱ्या मामानेही पाहिलं. मामा म्हणजे आईचा प्रचारप्रमुख. त्याने त्याच दिवशी या निरीक्षकाचं नाव ठेवलं, मोजपट्टी.

त्यानंतर मोजपट्टी रोज दिसू लागला. आईच्या सभेत खुर्च्या मोजताना, कंत्राटदाराच्या सभेत गाड्या मोजताना. वॉर्डातली एकूण एक भिंत त्याने मोजली. आईच्या आठ, कंत्राटदाराच्या चाळीस. लोक हसायचे. तो मात्र दोन्हीकडे तीच पट्टी, तोच गंभीर चेहरा. स्वतःचं पाणीसुद्धा तो घरून आणायचा. मी मुद्दाम त्याच्यासमोर चहाचा मोठा भुरका मारायचे.

"छळताय मला," तो म्हणायचा.

"याचीही नोंद करा की."

"करणार नाही. हा खर्च माझा मी सोसतोय…"

असं काही बोलला, की तो स्वतःच गडबडून जायचा आणि टेप गुंडाळत चालू पडायचा. आणि मी? मी उगाचच दिवसभर गुणगुणत असायचे. आवडायला लागला होता मला तो. खोटं कशाला बोलू!

मग ती दुपार आली. मी गिरणीच्या भिंतीपाशी उलट्या डब्यावर बसून खालची वेलबुट्टी रंगवत होते. तो शेवटचं माप घेऊन टेप गुंडाळत होता. आणि अचानक टपोरे थेंब पडू लागले. मी उठणार, इतक्यात माझ्या डोक्यावर काळी छत्री आली.

"तुम्ही भिजताय," मी मान वर करून म्हटलं. तो पूर्ण छत्रीबाहेर होता.

"असू दे. शर्ट तसाही वाया गेलेलाच आहे."

तेव्हा माझं लक्ष गेलं. खिशावर तोच निळा डाग. "लिंबू लावून बघा. निघेल तो."

"निघेल," तो म्हणाला. "पण मला… काढायचा नाहीये."

मी पटकन खाली पाहिलं आणि समोरचं पान रंगवायला लागले. तो बोलत राहिला. लहानपणी त्याला नकाशे काढायचे होते. त्याची बहीण त्याला फार चिडवते. माझ्या पाट्यांमधला 'क्ष' त्याला सगळ्यांत आवडतो. असं माझ्या अक्षराबद्दल मला आजवर कुणी बोललं नव्हतं. मधेच रस्त्यावरून कंत्राटदाराची गाडी अगदी सावकाश गेली. आम्हा दोघांनाही त्याचं काही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी मोजपट्टी आलाच नाही. तिसऱ्या दिवशी जीपमधून खाली न उतरणारे एक जाडेसे निरीक्षक आले आणि म्हणाले, आता हा वॉर्ड माझ्याकडे. कुठे गेला तो? ना निरोप, ना काही! मी एका दुकानाच्या पाटीवर 'क्ष' काढला, पुसला, पुन्हा काढला. दुकानदार वैतागला.

आणि मग नोटीस आली. कंत्राटदाराने तक्रार केली होती. एक, सिस्टरच्या भिंतींना त्यांच्या मुलीचा खरा दर लावा, म्हणजे खर्च मर्यादेबाहेर जातो. दोन, खर्च निरीक्षकाने पक्षपात केला. पुरावा म्हणून फोटो.

सुनावणीच्या आदल्या दिवशी मामाने मला बसवून पढवलं. "हे बघ, विचारलं तर म्हणायचं, हौस आहे. फावल्या वेळेत करते. एवढं एक वाक्य बोललीस की आई सुटली."

 आईने फक्त माझ्या बोटांना चिकटलेला रंग नखाने खरवडून काढला, लहानपणी काढायची तसा.

निवडणूक कार्यालयाच्या त्या खोलीत लांब टेबल होतं, पंखा कुरकुरत होता, आणि मधोमध निवडणूक अधिकारी मॅडम बसल्या होत्या. चष्म्यावरून बघणाऱ्या. एका बाजूला कंत्राटदार, दुसऱ्या बाजूला आम्ही. आणि भिंतीला टेकून… तो. निळ्या डागाचा शर्ट घालून.

"पाट्या रंगवणं हा तुमचा व्यवसाय आहे?" मॅडमनी मला विचारलं.

मामाने घसा खाकरला. ते एक वाक्य माझ्या ओठांवर होतं, शप्पथ. पण मी आईकडे पाहिलं. भिंतीवर तिचे डोळे मी रंगवले होते, ते सरळ बघणारे. हौस म्हणाले असते तर त्या डोळ्यांना मी तोंड कसं दाखवलं असतं?

"धंदाच आहे माझा," मी म्हटलं. "आणि माझा दर खरंच तिप्पट आहे."

मामाने डोळे मिटले. आईने मात्र टेबलाखाली माझा हात घट्ट धरला.

कंत्राटदार खुलला. "ऐका! माझ्या दुकानाची पाटी हिनेच केली, मी स्वतः तेवढे पैसे मोजलेत. बाजारभाव तोच, मॅडम! भिंत म्हणजे भिंत!"

"भिंत म्हणजे भिंत," मॅडमनी शांतपणे री ओढली. "छान. मापं कोणी घेतली होती?"

"मी," मोजपट्टी पुढे आला. "सिस्टरच्या आठ भिंती, यांच्या चाळीस. प्रत्येकीची लांबी-रुंदी दिली आहे."

"नियम असा आहे," मॅडम कंत्राटदाराला म्हणाल्या, "की एका वॉर्डात एका कामाला एकच दर. कोणी रंगवलं ते बघायचं नाही. तुम्ही सांगता तो दर लावला, तर सिस्टर मर्यादेच्या थोड्या बाहेर जातात. आणि तुम्ही चाळीस भिंतींनिशी… मर्यादेच्या दुप्पट. दोघांचीही उमेदवारी रद्द करू?"

 कंत्राटदाराच्या तोंडचं पाणी पळालं.

"नाही म्हणजे… तसं बघितलं तर… साधा दरच बरोबर आहे, मॅडम. साध्याच भिंती आहेत."

"साध्या?" मी उसळलेच. "अहो, माझ्या—"

आईने माझ्या पायावर असा जोरात पाय दिला, की पुढचे शब्द घशातच राहिले. साधा दर नोंदवला गेला. आई सुटली! मामाने सगळ्यांसमोर शिट्टी वाजवली आणि मॅडमची नजर बघून खिडकीबाहेर बघू लागला.

"आता दुसरी तक्रार." मॅडमनी फोटो उचलला. "उमेदवाराच्या भिंतीचा रंग ओघळू नये म्हणून निरीक्षक छत्री धरून उभे. पण हे काय? यात तर लख्ख ऊन पडलंय! रस्तासुद्धा वाळलाय. मग छत्री कशाला धरलीत?"

मोजपट्टीने मान वर केली. कान लालबुंद.

"पाऊस थांबलेला मला… कळलंच नाही, मॅडम."

"कळलं नाही?"

"नाही. छत्री भिंतीवर नव्हतीच. यांच्यावर होती." त्याने माझ्याकडे पाहिलं, आणि मग नजर हलवलीच नाही. "घरी गेल्यावर लक्षात आलं, की ऊन की पाऊस एवढंही मला कळेनासं झालंय. आता या घरच्या कामाचं माप माझ्या हातून सरळ येणार नाही. म्हणून त्याच संध्याकाळी तुम्हाला सांगितलं, की मला या वॉर्डातून काढा."

मॅडमनी चष्मा काढला. "कारण विचारलं तर 'वैयक्तिक' म्हणाला होतात. मला वाटलं, पोट बिघडलंय!"

अख्खी खोली हसली. मी हसू की रडू, मला कळेना. म्हणून गेला होता तर!

"मापं त्याआधीची आहेत, आणि दोन्हीकडे बरोबर आहेत," मॅडम म्हणाल्या. "प्रेमात पडायला नियमात बंदी नाही. पडल्यावर न सांगण्याला आहे. यांनी सांगितलं. तक्रार फेटाळली."

आई निवडून आली. साधीसुधी नाही, दणदणीत! कंत्राटदाराला स्वतःच्या गल्लीतसुद्धा मतं कमी पडली. पहिल्याच आठवड्यात सिमेंटची पोती हलली आणि दवाखान्याचं कुलूप आईने स्वतःच्या हाताने उघडलं. वॉर्डातल्या बायका तिच्या गळ्यात पडून रडत होत्या.

निवडणूक संपली की भिंती पुन्हा पांढऱ्या करून द्यायच्या, हाही नियमच. एका सकाळी मी गिरणीच्या भिंतीला पांढरा रंग लावत होते. मागून आवाज आला, "एक ब्रश जास्तीचा आहे का?"

मी वळले नाही. वळले असते तर सगळं तोंडावर दिसलं असतं. "हौस म्हणून लावणार, की धंदा म्हणून?"

"हौस. फुकट."

"मग मोजायला नको," मी म्हटलं आणि ब्रश मागे धरला.

आम्ही शेजारी शेजारी रंग लावत राहिलो. माझी आई हसत हसत पांढरी होत गेली. खाली वेलबुट्टीपाशी तो थांबला आणि एका पानावरून बोट फिरवलं.

"बाकीची पानं पातळ आहेत. इथेच रंग एवढा जाड कसा?"

"कारण ते मी चार वेळा रंगवलंय."

"चार वेळा? का?"

आता सांगायलाच हवं होतं. त्याने भरल्या खोलीत सांगितलं होतं, आणि मी अजून एक अक्षर बोलले नव्हते.

"पाऊस थांबलेला तुम्हाला कळला नाही ना?… मला कळला होता. लगेच कळला होता. पण पान संपलं असतं, तर तुम्ही छत्री मिटली असती."

 ब्रश खाली ठेवून तो गिरणीच्या ओट्यापाशी गेला, तिथे टेकवून ठेवलेली काळी छत्री आणली, उघडली, आणि भर उन्हात माझ्या डोक्यावर धरली. या वेळी तो स्वतःही आत उभा राहिला, अगदी खांद्याला खांदा लावून.

गिरणीवाले काका बघत होते, येणारेजाणारे बघत होते. समोरून आई दोन कप चहा घेऊन येताना दिसली. ज्याला फोटो काढायचेत त्याने खुशाल काढावेत, असं मी म्हटलं, आणि तेही चांगलं मोठ्याने.